थंडीतला घाम

मार्गशीर्ष जवळ आला की माझ्या दवाखान्यात केसपेपरवर एक जादा ओळ लिहिली जाते. मधुमेहाच्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला मी विचारतो, "गुरुवार धरता का? पौर्णिमा करता का? जोतिबाला जाणार असाल तर कधी, आणि काय खाऊन?" काही जण हसतात. डॉक्टरांनी रक्तदाब पाहावा, उपासतापासाची चौकशी कशाला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. मला हा प्रश्न महाविद्यालयात कोणी शिकवला नव्हता. तो मी २००८ सालच्या डिसेंबरात शिकलो, आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

त्या काळी मी ओमानमध्ये, मस्कतच्या रुवी भागात, एका खासगी दवाखान्यात नोकरी करीत होतो. वडील जाऊन चार वर्षे झाली होती. आई कोल्हापुरात जुन्या घरात एकटी राहत असे. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, जोडीला रक्तदाब. मी एकुलता एक. दर दोन दिवसांनी फोन करायचो आणि आमचे बोलणे ठरलेल्या वळणाने जायचे. "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या." "चुकवत नाहीस ना?" "नाही रे बाबा." तेवढ्यावर माझे समाधान होई. परदेशात राहणाऱ्या मुलाला असे समाधान फार हवेहवेसे असते.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिच्या उपाशीपोटी साखरेचा आकडा १८० आला. मी फोनवरूनच ग्लिबेनक्लामाईडची सकाळची गोळी एकाऐवजी दीड करायला सांगितले. तिला तपासले नव्हते, मूत्रपिंडाच्या कार्याची नवी तपासणी मागवली नव्हती, आणि पुढचा महिना मार्गशीर्षाचा आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. वर एक वाक्य मात्र मी ठासून सांगितले होते, "काही झाले तरी गोळी चुकवायची नाही."

ओमानमध्ये तेव्हा साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि शुक्रवारी असे. ११ आणि १२ डिसेंबरला आम्ही चार मराठी कुटुंबांनी जेबेल शम्सला जायचे ठरवले. जेबेल शम्स म्हणजे सूर्याचा पर्वत. उंची सुमारे तीन हजार मीटर. ओमानमधला हा सर्वांत उंच डोंगर. मस्कतहून निझवा, तेथून अल हमरा, आणि वादी घुलपासून गाडी घाट चढू लागते. वर पठारावर पोहोचलो की एका बाजूला जमीन एकदम तुटते आणि कित्येकशे मीटर खोल दरी उघडी पडते. वाळवंटाच्या देशात वर्षभर घामाघूम होणाऱ्या आम्हा लोकांना तिथल्या थंडीचे अप्रूप फार. कोणी आईने विणलेला स्वेटर काढला, कोणी घोंगडे.

रात्री शेकोटी पेटली. सांगलीच्या मित्राने तांबडा रस्सा केला, बेळगावच्या वहिनींनी थालीपिठे थापली. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. त्या वर्षातला सर्वांत मोठा दिसणारा पूर्णचंद्र तोच. दरीच्या पलीकडचे कडे चांदण्यात राखी-रुपेरी दिसत होते. कोणीतरी हात उंचावून "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी दिली. दरीतून ती परत आली तेव्हा लहान मुले नाचू लागली आणि आम्ही मोठी माणसे थोडा वेळ गप्प झालो. प्रत्येकाला आपापले गाव आठवले असावे. मला वाडी रत्नागिरीचा डोंगर आठवला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, जोतिबाचे देऊळ याच वाडी रत्नागिरीत आहे. कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळ्याच्या डोंगररांगेत, शहरापासून सुमारे अठरा किलोमीटरवर. समुद्रसपाटीपासून उंची तीन हजार फुटांच्या घरात. आजचे काळ्या दगडाचे मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले. पुढे ग्वाल्हेरला गेलेल्या शिंदे घराण्याचे हे दैवत. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचतात आणि गुलालाने सारा डोंगर गुलाबी होतो. एरवीही रविवारी आणि पौर्णिमेला गर्दी असतेच. देऊळ खालच्या अंगाला आहे. दुकानांच्या रांगांमधून पायऱ्या उतरून दर्शनाला जायचे आणि दर्शन झाल्यावर त्याच पायऱ्या चढून वर यायचे. म्हणजे ज्येष्ठांचा खरा कस परतताना लागतो.

शुक्रवारी सकाळी आम्ही दरीच्या कडेकडेने जाणारी पायवाट धरली. ती अस् साब नावाच्या ओसाड गावाकडे जाते. जाऊन येऊन तीन-चार तास लागतात. आमच्यातील एका मित्राला मधुमेह होता. निघण्यापूर्वी मी त्याला अडवले. "न्याहारी झाली? किती खाल्लेस? खिशात साखरेच्या पुड्या आहेत? चालताना घाम आला, हात थरथरले, तर लगेच सांग." त्याच्या बायकोने कौतुकाने म्हटले, "भावजी बरोबर आहेत, आता काळजी नाही." ते शब्द ऐकून मला बरे वाटले होते, हे आज कबूल केलेच पाहिजे. ओमानची वेळ भारतापेक्षा दीड तास मागे. आमच्याकडे तेव्हा साडेसात वाजले होते, कोल्हापुरात नऊ.

त्याच सुमारास आई शेजारच्या काकूंबरोबर जोतिबाच्या पायऱ्या उतरत होती.

पुढे काय घडले ते मला नंतर काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. आईने दिवसभर उपवास केला आणि रात्री पूजा झाल्यावर एकटीसाठी काय रांधायचे म्हणून थोडा दूधभात खाल्ला. शुक्रवारी पौर्णिमा. दर्शन होईपर्यंत काही खायचे नाही असा तिचा नेम. पहाटे अंघोळ झाली, कोरा चहा झाला, आणि त्याबरोबर तिने दीड गोळी घेतली. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉलची होती, तीही घेतली. उपाशीपोटी कशाला घेता, असे काकूंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "मुलाने सांगितलंय, काही झालं तरी चुकवायची नाही."

पौर्णिमेमुळे रांग मोठी होती. डोंगरावर धुके आणि बोचरा वारा. दीड-दोन तास उभे राहून दर्शन झाले. वर येताना निम्म्या पायऱ्यांवर आई थांबली, भिंतीला टेकून बसली आणि काहीतरी असंबद्ध बोलू लागली. काकूंना तिने ओळखले नाही. हातातली परडी कोणी घेऊ लागले तर ती चिडून हिसकावू लागली. भोवती माणसे जमली. पौर्णिमेचा दिवस, देवाची जागा, कपाळभर गुलाल. कोणी म्हणाले, अंगात आलंय, वारं उतरू द्या. दोघी-तिघींनी हात जोडले.

शेजारी नारळ, गुलाल आणि खोबरे विकणारी एक बाई होती. ती दुकान सोडून पुढे आली. तिने आईच्या कपाळाला हात लावला. सगळे शाली पांघरून कुडकुडत होते आणि आईचा पोलका घामाने चिंब झाला होता. "भर थंडीत अंगातनं पाणी गळतंय, आन् तुमी हात काय जोडताय? साखर उतरलीया म्हातारीची," असे म्हणत तिने स्वतःच्या चहासाठी आणलेल्या डब्यातली साखर पेल्यात ओतली, पाणी घालून ढवळली आणि आई शुद्धीवर असल्याची, गिळू शकत असल्याची खात्री करून घोटघोट पाजली. काकू घाईघाईने पेढा भरवायला निघाल्या होत्या. तोही तिने थांबवला. "आदी पानी, पेढा मागनं."

वैद्यकीयदृष्ट्या तिचे एकही पाऊल चुकले नव्हते. पेढ्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा मिसळते. पाण्यात विरघळलेली साखर लवकर काम करते. आणि तो घाम! साखर उतरली की एरवी छातीत धडधडते, हात कापतात. पण अ‍ॅटेनोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही. आईच्या बाबतीत बाहेर दिसणारी तेवढी एकच खूण उरली होती, आणि ती त्या बाईने ओळखली.

दहा-पंधरा मिनिटांत आई माणसांत आली. काकूंनी तिला गाडी करून कोल्हापुरात रुग्णालयात नेले. साखरपाणी पिऊन, वाटेत दोन केळी खाऊनही तेथे साखर ६४ भरली. संध्याकाळी ती पुन्हा ५२ पर्यंत उतरली. ग्लिबेनक्लामाईडचा परिणाम चोवीस तासांपर्यंत रेंगाळू शकतो आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर त्याहूनही अधिक. म्हणून तिला रात्रभर सलाईनवर ठेवावे लागले. तिची मूत्रपिंडे मंदावली होती. ते त्या दिवशीच्या तपासणीत कळले.

या साऱ्या वेळात काकू मला फोन करीत होत्या. डोंगरावर माझा फोन मुका होता. दुपारी उतरताना अल हमराजवळ तो खिशात एकदम वाजू लागला. नऊ सुटलेले कॉल. गाडी कडेला घेतली. काकूंचा आवाज ऐकल्यावर पहिल्या क्षणाला मी काय केले असेल? मी त्यांच्यावर रागावलो. उपाशी कशाला नेलेत तिला, असे ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, तिला उपवास आहे हे तुला ठाऊक नव्हतं का?"

ठाऊक नव्हते. ज्या घरात मी वीस वर्षे मार्गशीर्षातले गुरुवार पाहिले होते, त्या घरातला गुरुवार मी विसरलो होतो.

मस्कतपर्यंतचा रस्ता मधुमेही मित्रानेच गाडी चालवत काढला. कोणी फार बोलले नाही. सांगलीच्या मित्राचा धाकटा भाऊ कोल्हापुरात नोकरीला होता. त्याने मला न विचारताच भावाला रुग्णालयात पाठवले. तो अनोळखी मुलगा रात्रभर माझ्या आईच्या खाटेपाशी बसला. मैत्रीचे हे ऋण फेडण्याजोगे नाही, आणि फेडू पाहूही नये.

शनिवारी आईशी बोलणे झाले. आवाज थकलेला, पण नेहमीचा. मी काही विचारण्याआधीच ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "तू सांगितलंस तशीच गोळी घेतली रे. चुकवली नव्हती."

तीस वर्षांच्या व्यवसायात मला अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या आहेत. याइतके खोल काही लागले नाही. तिने माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. चूक पाळण्यात नव्हती, आज्ञेत होती. पायवाटेवर निघण्यापूर्वी मित्राला मी विचारले होते, काय खाल्लेस. आईला तो प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारला नव्हता. तिला फक्त गोळीबद्दल विचारत होतो.

जानेवारीत रजा काढून आलो. आईला घेऊन, दोघेही पोटभर खाऊन, जोतिबाला गेलो. दुकानातल्या त्या मावशींना नमस्कार केला. त्यांच्या यजमानांनाही मधुमेह होता, त्यामुळे घाम आणि बरळणे त्यांनी घरी दोनदा पाहिले होते. मी डॉक्टर आहे हे आईने अभिमानाने सांगितले. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिले. "डाक्टर हाय व्हय? मग उपासाच्या दिशी गोळी कशी काय घ्यायला लावली?" मी म्हणालो, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "असू दे. आता फुडं ध्यानात ठेवा." २०११ मध्ये मी कायमचा परत आलो. त्यांचे वाक्य ध्यानात ठेवण्यासाठीच केसपेपरवरची ती ओळ आहे.

वाचकहो, या अनुभवातून जे शिकलो ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

मधुमेहाची सगळी औषधे सारखी नसतात. इन्सुलिन, तसेच ग्लिबेनक्लामाईड, ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिपिझाईड ही औषधे, जेवण चुकले तरी साखर खाली ओढत राहतात. उपवासाला धोका मुख्यतः यांचा. त्यांतही ग्लिबेनक्लामाईड शक्यतो ज्येष्ठांना देऊ नये, असे आता मानले जाते. आपल्या गोळीत यांपैकी काय आहे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मात्र हा लेख वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका. उपवास, वारी, लग्नघर, लांबचा प्रवास, यांपैकी काहीही ठरले की आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा, "त्या दिवशी गोळी कशी घ्यायची?" उत्तर प्रत्येकासाठी वेगळे असते.

साखर ७०च्या खाली गेली की ती उतरली असे समजावे. तरुणांमध्ये धडधड, कापरे, भूक ही लक्षणे ठळक असतात. ज्येष्ठांमध्ये ती फसवी असतात. माणूस चिडतो, बरळतो, जीभ जड होते, तोल जातो, ओळख पटत नाही, किंवा नुसता पेंगतो. घरच्यांना वाटते, वय झाले, किंवा पक्षाघात झाला, किंवा अंगात आले. मधुमेही व्यक्ती एकाएकी अशी वागू लागली तर प्रथम साखर तपासा. थंडीत बोटे गार असतील तर हात चोळून ऊबदार करूनच थेंब घ्या. यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नका.

व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. सावरल्यावर भाकरी, केळे, बिस्किटे असे काही खायला द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कारण बरे वाटले तरी साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि तातडीने रुग्णालय गाठा.

डोंगरावर जाताना आणखी थोडे. पायऱ्या चढताना स्नायू साखर वापरतात, म्हणून चढणीपूर्वी खाणे हवेच. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून कान, छाती आणि पाय झाकलेले असावेत. ऊन वर आल्यावर निघावे. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी चालल्यावर घरी येऊन तळवे उजेडात पाहावेत. पिशवीत साखरेची पुडी, आणि एका चिठ्ठीवर आपले आजार, औषधे व दोन फोन क्रमांक ठेवावेत. त्यांतला एक क्रमांक त्याच गावातल्या माणसाचा असावा.

आणि जी मुले-मुली दूर आहेत, परदेशात आहेत, त्यांना एवढेच सांगणे. तुम्ही मित्रांबरोबर सुट्टीला जरूर जा, डोंगर चढा, शेकोटी करा. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. फक्त जाण्यापूर्वी घरी सांगा की दोन दिवस फोन लागणार नाही, आणि त्या दोन दिवसांत घरी कोणता सण, कोणता उपवास आहे ते विचारून घ्या. फोनवर पहिला प्रश्न गोळीचा नको. "आज काय खाल्लंस?" हा असू द्या. त्या एका उत्तरातून भूक, एकटेपण, दातांची दुखणी, स्वयंपाकाचा कंटाळा, सगळे कळते. गोळीचा प्रश्न त्यानंतर विचारला तरी चालतो.

आई आता पंच्याऐंशीची आहे. ग्लिबेनक्लामाईड तेव्हाच बंद झाले; अ‍ॅटेनोलॉलही बदलले. गुडघ्यांमुळे पायऱ्या होत नाहीत. पौर्णिमेला आम्ही गाडीने वर जातो. ती वरच्या पायरीशी उभी राहून शिखराला हात जोडते. निघण्यापूर्वी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाते. पहिल्या वर्षी मीच भीत भीत विचारले होते, नेम मोडल्याचे वाईट वाटते का? ती म्हणाली, "देवानं कधी उपाशी ये म्हटलं होतं? ते माझं मीच ठरवलं होतं." मग वाटीतली भगर संपवून तिने गोळीसाठी हात पुढे केला.